हात हलला, पण कामाला आला का?

पक्षाघातातून उठलेल्या माणसाच्या घरी हल्ली कोणी ना कोणी मोबाइल पुढे करतं. ‘हे अॅप घ्या, यात हाताचे व्यायाम आहेत, खेळत खेळत होतात.’ याच विषयावर विद्यापीठांत पीएच.डी. चालते हे कळलं, की लोक हमखास विचारतात: असली अॅप्स तर इंजिनिअरिंगची मुलं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला करतात. मग त्यासाठी चार-पाच वर्षं घालवून डॉक्टरेट कशाची मिळते? त्यात शोधायचं उरतं काय?

प्रश्न रास्त आहे. अॅप किंवा यंत्र तयार करणं हा या कामाचा लहान भाग असतो, कधी कधी सर्वांत सोपा भाग. त्या यंत्रामुळे रुग्णाच्या आयुष्यात फरक पडला का, आणि पडला असेल तर तो यंत्रामुळेच पडला का, हे कोणालाही तपासता येईल अशा रीतीने दाखवणं हे खरं काम. आरोग्य आणि पुनर्वसनासाठीच्या डिजिटल तंत्रज्ञानाचा पसारा मोठा आहे. त्यात कृत्रिम पाय येतात, श्रवणयंत्रं येतात, घरबसल्या फिजिओथेरपीही येते. आपण एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ: पक्षाघातानंतर लुळा पडलेला हात.

१. हात अडतो कुठे?

पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो किंवा तिथे रक्तस्राव होतो, आणि त्या भागातल्या पेशी मरतात. हाताचे स्नायू, हाडं, सांधे सुरुवातीला जागच्या जागी आणि शाबूत असतात. ‘पेला उचल’ ही आज्ञा मात्र नीट पोचत नाही. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण शेजारचा जिवंत भाग त्यांचं काही काम अंगावर घेऊ शकतो.

हे घडतं ते सरावाने. अमेरिकेत रँडॉल्फ नूडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली छोट्या स्क्विरल माकडांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. माकडांच्या मेंदूत हाताच्या भागात लहानशी इजा केली होती. ज्यांना त्या हाताने खाऊ उचलण्याचा सराव दिला, त्यांच्या मेंदूतला हाताचा उरलेला प्रदेश टिकून राहिला. सराव न मिळालेल्या माकडांत इजेच्या शेजारचा, न दुखावलेला प्रदेशही आक्रसला होता.

सराव किती, हा पुढचा प्रश्न. प्राण्यांच्या प्रयोगांत एकेक हालचाल रोज शेकडो वेळा करवून घेतली जाते. माणसांचं काय? कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या सात ठिकाणी फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीची ३१२ सत्रं शेजारी बसून पाहिली आणि मोजली. २००९ साली आकडा आला: हाताच्या उपयोगी हालचाली एका सत्रात सरासरी ३२.

याचा दोष थेरपिस्टना देणं अन्यायाचं होईल. रुग्णाला खुर्चीत नीट बसवायचं, खांदा दुखतोय का पाहायचं, ताठरलेली बोटं सोडवायची, घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा. यात वेळ जातो, आणि बाहेर पुढचा रुग्ण थांबलेला असतो. बत्तीस आणि काही शे यांच्यामधली ही दरी भरून काढायची, या विचारातून यंत्रं पुनर्वसनाच्या खोलीत शिरली.

याच्या जोडीला आणखी एक अडचण आहे, आणि ती जास्त खोल आहे. एक हात ऐकत नाही, दुसरा ऐकतो. मग माणूस सगळं दुसऱ्यानेच करू लागतो. काही महिन्यांनी दुबळ्या हातात थोडी ताकद परतते, तरी तो मांडीवर पडून राहतो, कारण त्याला वापरायचंच नाही अशी सवय लागलेली असते. एडवर्ड टाउब यांनी याला ‘शिकलेला अनुपयोग’ मानलं आणि उपाय सुचवला: चांगल्या हातावर जाड हातमोजा चढवायचा, म्हणजे दुबळ्या हाताला काम करावंच लागेल. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एक्साइट या चाचणीत २२२ रुग्ण होते, आणि त्यांतल्या एका गटावर हे करून पाहिलं. दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक सगळा वेळ हातमोजा. ज्यांच्या मनगटात आणि बोटांत थोडीतरी हालचाल उरली होती अशांना त्याचा फायदा झाला, आणि तो वर्षभराने मोजला तेव्हाही दिसला.

यातून दोन वेगळ्या गोष्टी हाती येतात: हाताला काय जमतं आणि माणूस हात किती वापरतो. क्षमता आणि वापर. या विषयातले निम्मे घोटाळे ही दोन एकच समजल्याने होतात.

२. मदत कमी करत जाणारा रोबो

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी ‘एमआयटी-मॅनस’ हा रोबो बनवला. काम १९८९च्या सुमारास सुरू झालं. क्रेब्स यांची पीएच.डी. १९९७ साली याच कामावर झाली. रुग्ण टेबलाशी बसतो, त्याचा हात यंत्राच्या दांड्याला बांधलेला असतो, आणि पडद्यावरचा ठिपका ठरलेल्या जागी न्यायचा असतो.

कारखान्यातला रोबो ताठ असतो. त्याला एक मार्ग दिला की मध्ये काहीही आलं तरी तो त्याच मार्गाने जातो. असा रोबो रुग्णाच्या हाताला बांधला, तर हात फिरेल खरा, पण फिरवणारा रोबो असेल. रुग्णाचा मेंदू त्यातून काही शिकणार नाही, आणि ताठरलेला खांदा दुखावेल तो वेगळाच. पाटीवर ‘श्री’ गिरवताना आई मुलाचा हात आपल्या हातात धरते तेव्हा ती काय करते, ते आठवा. सुरुवातीला तीच हात फिरवते. मग पकड सैल करत जाते, पेन्सिल भरकटली तरच जरा वळवते, आणि शेवटी नुसता स्पर्श ठेवते. एमआयटी-मॅनसला हेच जमलं पाहिजे होतं. रुग्णाने ढकललं तर दांड्याने मागे सरावं, रुग्ण थांबला तर हलकेच पुढे न्यावं, तो स्वतः जात असेल तर आड येऊ नये. यंत्राने बाहेरच्या जोराला किती प्रतिकार करायचा हे नियंत्रित करण्याची पद्धत होगन यांनी १९८५ सालीच मांडली होती. त्या गणिताचा उपयोग इथे झाला.

यातून आणखी एक गोष्ट हाती आली. रोबो हात हलवतो तसाच तो हाताची जागा आणि वेगही सेकंदाला कितीतरी वेळा टिपत असतो. क्रेब्स, होगन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवलं की पक्षाघातानंतर सुरुवातीची हालचाल तुकड्यातुकड्यांची असते: थोडं जायचं, थांबायचं, परत थोडं. हात सुधारतो तसे हे तुकडे एकमेकांत मिसळून हालचाल सलग होत जाते. मग या सलगपणाला एक आकडा कसा द्यायचा? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. हात मुद्दाम सावकाश नेला तर आकडा बिघडू नये, सेन्सरच्या बारीक थरथरीने फसू नये, लांब आणि आखूड हालचालींची तुलना करता यावी. २०१२ साली शिवकुमार बालसुब्रमण्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेलं एक माप या कसोट्यांवर बरंच टिकलं, आणि आज जगभरातले संशोधक ते वापरतात. नुसतं मोजमाप नीट बसवणं हासुद्धा डॉक्टरेटच्या तोलाचा विषय असतो, तो असा.

३. मोजायचं कुठे?

रुग्ण सुधारला हे ठरवायला जुन्या, विश्वासू कसोट्या आहेत. १९७५ची फ्युगल-मेयर कसोटी हाताच्या हालचाली तपासते आणि ६६ पैकी गुण देते. १९८१ची ‘अॅरॅट’ ही दुसरी: ठोकळे उचला, एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओता, गोट्या चिमटीत धरा, गुण ५७ पैकी. पहिली अवयवाची हालचाल पाहते, दुसरी हातून काम होतं का ते पाहते. दोन्ही दवाखान्यात, थेरपिस्टच्या नजरेखाली होतात. ‘उचला’ म्हटलं की माणूस जोर लावून उचलतो. घरी उचलेल का, हे त्या कागदावर येत नाही.

तिथे मनगटावरचे सेन्सर उपयोगी पडतात. दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळासारखं उपकरण बांधायचं आणि दिवसभर राहू द्यायचं. ते मनगटाला बसणारे झटके टिपतं, त्यावरून प्रत्येक हात किती वेळ हलत होता हे काढता येतं. अमेरिकेत धडधाकट प्रौढांवर केलेल्या मोजणीत उजवा-डावा फरक फारच थोडा निघाला: दिवसात सरावाचा हात सुमारे ९.१ तास, दुसरा ८.६ तास. भागाकार ०.९५ च्या आसपास.

आता आपलं उदाहरण करू. समजा एका रुग्णाचा चांगला हात ८ तास हलला आणि दुबळा २ तास. भागाकार ०.२५. तीन महिन्यांच्या उपचारांनंतर अॅरॅटचे गुण २५ वरून ३६ झाले, थेरपिस्ट खूश, घरचे खूश. परत सेन्सर बांधले तर चांगला हात ८ तास, दुबळा २ तास १० मिनिटं. भागाकार ०.२७. हाताला जास्त जमू लागलं, पण माणूस तो वापरत नाही.

सेन्सरचा आकडाही डोळे मिटून घेता येत नाही. चालताना हात आपोआप झुलतात, तेही ‘वापर’ म्हणून मोजले जातात. एसटीच्या धक्क्यांनी मांडीवर पडलेला हातही हलतो. त्यामुळे पेला उचलणं आणि नुसतं झुलणं यांत फरक ओळखणारी गणितं लागतात. शिवाय ०.९५ हा आकडा अमेरिकी जीवनातून आला आहे. आपण उजव्या हाताने भात कालवतो, एका हाताने पोळीचा घास तोडतो, आणि जेवताना डावा हात बाजूला ठेवतो. इथल्या निरोगी माणसाचा भागाकार तेवढाच यावा असं गृहीत धरायचं कारण नाही. निऱ्या घालणं, कणीक मळणं, कपडे पिळणं ही कामं त्या ठोकळे-गोट्यांच्या कसोटीत नाहीत. इथल्या संशोधकांनी हाती घ्यावा असा हा विषय आहे, आणि त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही.

४. सुधारणा कशामुळे झाली?

पक्षाघातानंतर पहिल्या काही महिन्यांत हात आपणहूनही थोडाबहुत सुधारतो. एखाद्या विद्यार्थिनीने १० रुग्णांना तीन महिने अॅप दिलं आणि फ्युगल-मेयरचे सरासरी गुण ३० वरून ४२ झाले, तर १२ गुणांचं श्रेय अॅपला देता येईल का? समजा तशाच दुसऱ्या १० रुग्णांना नेहमीचेच उपचार मिळाले आणि त्यांचे गुण ३० वरून ४० झाले. मग अॅपच्या वाट्याला आले २. या कसोटीवर चार-पाच गुणांहून कमी फरक रुग्णाला स्वतःला सहसा जाणवत नाही. कोणाला अॅप द्यायचं आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं. नाहीतर उमेदीचे, तरुण रुग्ण नकळत अॅपच्या गटात जातात. गुण देणाऱ्याला रुग्ण कोणत्या गटातला हे माहीत नसावं लागतं. दहा-दहा माणसं पुरतच नाहीत, मग आणखी रुग्णालयं शोधा. चार वर्षं जातात ती इथे.

अशा कसून केलेल्या चाचण्यांनी काय सांगितलं? एमआयटी-मॅनसची सर्वांत मोठी परीक्षा ब्रिटनमध्ये झाली. ‘रॅटल्स’ या चाचणीत ७७० रुग्ण होते. एका गटाला रोबो, दुसऱ्याला तेवढाच वेळ माणसाकडून कसून थेरपी, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. पहिल्या दोन गटांना आठवड्यातून तीनदा, ४५ मिनिटं, १२ आठवडे. निकाल २०१९ साली आला. अॅरॅटवर ठरवलेली सुधारणा गाठणारे रोबोच्या गटात ४४ टक्के, कसून थेरपीच्या गटात ५० टक्के, नेहमीच्या उपचारांत ४२ टक्के. हे फरक योगायोगाने पडावेत इतके लहान होते. रोबोच्या गटात हालचालींचे गुण नेहमीच्या उपचारांपेक्षा थोडे वाढले, पण ती वाढ कामापर्यंत पोचली नाही.

व्हिडिओ गेमचंही तसंच झालं. एव्हरेस्ट नावाच्या चाचणीत चार देशांतल्या १४१ रुग्णांपैकी काहींना निन्टेन्डो वी या यंत्रावरचे खेळ दिले, काहींना पत्ते, बिंगो, चेंडू असे साधे खेळ. २०१६ साली निकाल लागला: दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच.

आणि पुनरावृत्तीचा आकडा? बत्तीसची मोजणी करणाऱ्या लँग यांनीच पुढे पक्षाघात होऊन सहा महिने उलटलेल्या ८५ जणांवर प्रयोग केला. कोणाला एकूण ३२०० वेळा सराव, कोणाला ६४००, कोणाला ९६००, कोणाला जमेल तितका. जास्त सराव म्हणजे जास्त सुधारणा असं दिसलं नाही. त्याच लोकांच्या मनगटांवरच्या सेन्सरनी दाखवलं की दवाखान्यात वाढलेली क्षमता घरच्या वापरात उतरली नाही. आपणच मांडलेल्या कल्पनेची अशी कठोर परीक्षा घेऊन निकाल जसाच्या तसा छापणाऱ्या संशोधकांविषयी मला फार आदर वाटतो. असे ‘नाही’ म्हणणारे निकाल फुकट गेले असं मी मानत नाही. एखादं यंत्र लाखो रुपयांना घ्यायचं, की त्याच पैशांत आणखी थेरपिस्ट नेमायचे, हा निर्णय रुग्णालयाला घ्यायचा असतो. रॅटल्सनंतर तो डोळसपणे घेता येतो.

५. ‘९५ टक्के अचूक’ कधी खोटं ठरतं

आता संगणकाला शिकवून हालचाल ओळखायला लावायची पद्धत आली आहे. सेन्सरची नोंद दिली की तो सांगतो, ‘हा पेला उचलतोय’, ‘हा नुसता चालतोय’. शिकवताना एक चूक फार सहज होते.

समजा २० रुग्ण आहेत आणि प्रत्येकाच्या ५०० छोट्या नोंदी, म्हणजे एकूण १०,०००. त्या सगळ्या मिसळल्या, ८,००० शिकवायला घेतल्या, २,००० परीक्षेला ठेवल्या. संगणक परीक्षेत ९५ टक्के बरोबर. पण परीक्षेतल्या नोंदी त्याच वीस जणांच्या आहेत. प्रत्येकाची हात उचलण्याची ढब संगणकाने आधीच पाहिलेली आहे. एकविसावा रुग्ण आला, ज्याचा हात वेगळ्या तऱ्हेने आखडलाय, की तोच संगणक ७० टक्क्यांवर येऊ शकतो. म्हणून एकेका रुग्णाला पूर्ण बाहेर ठेवून, उरलेल्या १९ जणांवर शिकवून, मग त्या बाहेरच्यावर परीक्षा घ्यायची असते. येणारा आकडा कमी असतो, पण दवाखान्यात उपयोगी पडणारा तोच. प्रबंध तपासणाऱ्यांनी व्हायवात पहिला प्रश्न हाच विचारावा असं माझं मत आहे.

६. आपल्याकडे

तमिळनाडूत वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून ‘प्लूटो’ हा हाताच्या सरावाचा लहान रोबो घडवला आहे. एकच मोटर, आणि तिच्यावर बदलून लावायचे भाग: एकाने मनगट वर-खाली होतं, एकाने पंजा पालथा-उताणा, एकाने मूठ उघडते-मिटते. टेबलावर मावेल, एका जागेहून दुसरीकडे नेता येईल, असा विचार त्यामागे आहे. या दोन संस्था आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था मिळून वैद्यकीय उपकरणांत संयुक्त पीएच.डी. चालवतात. इंजिनिअर वॉर्डात उभा राहतो, रुग्णाचा हात स्वतः धरून पाहतो, आणि मग टेबलाशी परत येतो. यंत्र कोणासाठी करायचं हे वॉर्डात उभं राहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून ही रचना मला मोलाची वाटते.

घरी सराव करवणं ही कल्पना मात्र आपल्याकडेही तपासूनच घ्यावी लागेल. ‘अटेंड’ या भारतीय चाचणीत १४ केंद्रांतले १२५० रुग्ण होते. निम्म्यांच्या घरच्यांना पुनर्वसन शिकवून ते घरी करायला दिलं. २०१७ साली निकाल आला: सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के. घरच्या माणसावर जबाबदारी टाकून भागेल, ही आशा तेवढ्याने पुरी झाली नाही. त्याच सुनेच्या किंवा मुलाच्या हाती नुसतं अॅप दिल्याने काही वेगळं होईल असं म्हणणाऱ्याने ते आधी दाखवायला हवं.

७. वाचकांसाठी

कोणी पुनर्वसनाचं अॅप किंवा यंत्र विकायला आलं, तर तीन गोष्टी विचारा. तुलना कोणाशी केली? सुधारणा दवाखान्यात मोजली की घरी? ज्यांच्यावर तपासलं ते रुग्ण माझ्या माणसासारखे होते का? आपल्या देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये होते. ती २००७ पासून सुरू आहे, आणि कोणालाही फुकट पाहता येते.

आणि रुग्णालयात एखादी संशोधक विद्यार्थिनी संमतीचा कागद घेऊन तुमच्या आई-वडिलांपाशी आली, तर तिला लगेच परत पाठवू नका. कागद आपल्या भाषेत मागा, नीट वाचा, माहिती कोणाकडे राहील ते विचारा. मध्येच बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि नकार दिल्याने उपचारांत फरक पडता कामा नये. पटलं तर सहभागी व्हा. चिठ्ठीत नेहमीच्या उपचारांचा गट आला तरी हिरमुसू नका. त्या गटाशिवाय उत्तर निघतच नाही.